खराटा आत राहिलाय

आमच्या चर्चला सध्या दोन कुलपं आहेत.
एक आमचं, एक थोमा पारखेच्या पॅनलचं.
दोन्ही अलिगढी, दोन्ही कोरी करकरीत,
आणि जालन्याचं ऊन दोन्हींना सारखंच तापवतं.
धर्मादाय आयुक्तांकडे मी पाच अर्ज दिलेत,
पाचांच्याही खाली ‘प्रभूच्या सेवेत, आपला’.

भांडण म्हणाल तर जागेचं.
मागे मिशनची मोसंबीची बाग होती.
आता तिच्या कडेनं स्टील कारखान्यांचा रस्ता जातो,
तर गुंठ्याला काय भाव आला असेल, हिशेब करा.
आम्ही केला. त्यांनीही केला.
मग एकाच आठवड्यात दोघांनाही
पवित्र आत्म्यानं वेगवेगळं मार्गदर्शन दिलं.

रविवारी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जमतो,
ते पारखेच्या गच्चीवर, मांडव घालून.
‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ या वचनावर
गेल्या महिन्यात मी पाऊण तास बोललो.
बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं माझ्या.
खरंच आलं.
आता त्याचीच भीती वाटते.

शनिवारी दिवेलागणीला रिबकामाय आली.
मिशन दवाखान्यात जन्मभर आया होती,
पगारपत्रकावर अंगठा उठवायची.
शास्त्र उराशी धरते, कधी कधी उलटंही.
दर शनिवारी पायऱ्या झाडते चर्चच्या.
कुलपं पडली तरी येते,
फडक्यानं, पदरानं, जमेल तसं;
लिंबोळ्यांनी सगळं चिकट होतं ना.
‘कुणासाठी झाडतेस?’ विचारलं होतं मी एकदा.
‘जो येईल त्याच्यासाठी.
कोन येनार, ते म्या काहून पुसू?’

मला वाटलं, मध्यस्थी करायला आली असेल.
खुर्ची दिली, ती उंबऱ्यावरच बसली.
मी आमची बाजू मांडली, ठरावांच्या क्रमांकांसकट.
तिनं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला,
फुंकर घातली.
‘भाऊ, खराटा आत राहिलाय.’
‘काय?’
‘खराटा. दाराच्या मागं. कुलूप लागलं तव्हा आतच राहिला.
घडीभर उघडता का?
पारखेभाऊला बी इचारलं.
ते म्हनले, आधी त्यांनी उघडावं.’

मी पन्नासची नोट काढली, नवा घे म्हणालो.
तिनं नोटेकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आणि बशी विसळून ठेवून निघून गेली.

माझी आई चार महिने अंथरुणाला खिळून होती.
मी तेव्हा नांदेडला, परभणीला, संजीवन सभांमध्ये,
विषय ‘सेवकाचं मन’.
तिच्या पाठीच्या जखमा कुणी धुतल्या, मला माहीत होतं.
त्याच हातांनी यंदा माघात
पारखेच्या बापाला शेवटची आंघोळ घातली,
तेव्हा मीटिंगमध्ये मीच उठून म्हणालो,
ही बाई तिकडची आहे, नोंद घ्या.
नोंद आहे.
पान बेचाळीस, अक्षर माझंच.

रात्री झोप लागेना म्हणून गेलो.
लाइट गेलेली. कुत्रं भुंकलं, मग ओळखून गप्प झालं.
किल्ली लावली.
माझं कुलूप उघडलं.
दार नाही उघडलं.

दाराला कान लावून उभा राहिलो थोडा वेळ,
का, ते सांगता यायचं नाही.
आत बाकं असतील, वेदीवरचं धूळ खाल्लेलं कापड,
आणि दारामागं, माझ्यापासून हातभर अंतरावर,
तिचा खराटा.
प्रार्थना करावी म्हटलं तर तोंडात
सगळी भाषणातलीच वाक्यं यायला लागली.
मग खाली बसलो
आणि हातानं लिंबोळ्या वेचत राहिलो, अंधारात, चाचपत.

कुलूप परत लावलं नाही.
झब्ब्याच्या खिशात टाकून घरी आलो,
एका अंगाला ओढला जात.
बायको जागी होती.
माझे चिकट हात बघितले, लोंबणारा खिसा बघितला,
म्हणाली,
काय आणलंत एवढं?